पाळणा कोण हलवत होतं?

जुलै २०२४, नववी ब, चौथा तास. फळ्यावर ५ ऑक्टोबर १७८९ ही तारीख. व्हर्सायच्या वाटेला लागलेल्या पॅरिसच्या बायकांचं चित्र पाठ्यपुस्तकात होतं, ते पान मी मुलांना उघडायला लावलं होतं. पाव महागला, मिळेनासा झाला, तेव्हा हजारो बायका पावसात वीसेक किलोमीटर चालत राजाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एवढं सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत होतो, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, या बायकांची लहान मुलं तेव्हा घरी कुणाकडे होती?"

मी म्हणालो, "ते पुस्तकात नाही. परीक्षेला येणार नाही. पुढे चला."

अकरा वर्षं मी इतिहास शिकवतो आहे. हे वाक्य माझ्या तोंडून आधी कधी निघालं नव्हतं, आणि निघालं त्याच दिवशी माझा सहा-सात महिन्यांचा मुलगा घरी माझ्या आईच्या दुखऱ्या गुडघ्यांवर होता. घरी जाताना स्कूटरवर तोच प्रश्न माझ्या डोक्यात होता. मुलीने अतिशय चांगला प्रश्न विचारला होता आणि मी तो झाडून टाकला होता. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत शाळेत आणि घरी काय काय झालं ते इथे क्रमाने मांडतो. प्रकरण माझंच असल्यामुळे शाळेचं, घरच्यांचं, विद्यार्थ्यांचं नाव कुठेच घेतलेलं नाही.

घर आणि वेळापत्रक

आम्ही बडोद्याला कारेलीबागेकडे तळमजल्यावर राहतो. घरात आई, आम्ही दोघं, साडेचार वर्षांची मुलगी आणि डिसेंबर २०२३ मध्ये झालेला मुलगा. बायको बँकेत आहे, शाखा डभोईला. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, ती तिला पूर्ण मिळाली आणि जूनच्या मध्यावर ती कामावर रुजू झाली. मला मिळाल्या तीन किरकोळ रजा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा असते, खासगी शाळेतल्या मास्तराला तसा कायद्याचा हक्क नाही. शाळेने नियमाबाहेर काही केलं असं मी म्हणत नाही. पण बाळ चार दिवसांचं असताना मी अकरावीला मेसोपोटेमिया शिकवत होतो आणि त्या तासाचं मला आज काहीही आठवत नाही.

शाळा सकाळची, सव्वासात ते एक. मी पावणेसातला निघतो, बायको सव्वाआठला. मुलीला तयार करून व्हॅनमध्ये बसवायचं काम आईकडे. दीड वाजता मी घरी पोचलो की आई आडवी होते आणि तिथून संध्याकाळी सातपर्यंत दोन्ही मुलं माझी. वरण-भात कालवणं, लंगोट, बालवाडीचा गृहपाठ, झोपाळ्यावर गाणी. सोसायटीत लोकांना याचं नवल वाटायचं. "आज शाळा नाही का मास्तर?" हा प्रश्न मला रोज यायचा, बायकोला कुणी कधी विचारला नाही. ही दुपार मला जड वाटत नव्हती, हे मुद्दाम लिहून ठेवतो. दिवसातला तोच भाग मला स्वच्छ कळत होता.

अडचण साडेनऊनंतर सुरू व्हायची. मुलं झोपली की मी वह्या घेऊन बसायचो.

माझ्याकडे नववीच्या दोन, दहावीच्या दोन आणि अकरावीची एक अशा पाच तुकड्या. मुलं साधारण १९५. शाळेचा नियम असा की प्रत्येक वही महिन्यातून दोनदा तपासायची. तांबडी शाई, शेरा, सही, तारीख. एका वहीला तीन मिनिटं धरा. १९५ वह्या म्हणजे ५८५ मिनिटं, पावणेदहा तास. युनिट टेस्ट आली की पेपरामागे सहा मिनिटं, म्हणजे साडेएकोणीस तास वेगळे. शाळेत रोज एखाद-दुसरा मोकळा तास असतो, पण कुणी रजेवर असलं की तोही जातो. तेव्हा हे सगळं रात्री दहा ते बारा, आणि बाळ दोनदा उठणार हे धरूनच.

या हिशेबात वाचन कुठेच नाही. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. तपासायची वही राहिली तर सुपरवायझर विचारतात, पाठाचं टाचण राहिलं तर फाईल अपुरी दिसते, मुलाचं दूध राहिलं तर तो रडतो. वाचायचं राहिलं तर कुणीच काही म्हणत नाही. डिसेंबर ते जुलै या काळात पाठ्यपुस्तकाबाहेरचं एकही पुस्तक मी उघडलं नव्हतं. वर्गात बोलत होतो ते सगळं आधीच्या दहा वर्षांच्या साठ्यातून, आणि तो साठा पाठ झालेल्या वाक्यांचा झाला होता. मुलीने पाठाबाहेरचं एक पाऊल टाकलं आणि मला उत्तर सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून मी परीक्षेआड लपलो.

बडोद्यात इतिहास शिकवणाऱ्याला एका माणसाची आठवण टाळता येत नाही. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले, राजपुत्रांना शिकवू लागले, आणि शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच त्यांच्या रियासती, म्हणजे इतिहासाचे मोठे ग्रंथ, उभ्या राहिल्या. शिकवणं आणि वाचणं या माणसाने वेगळं ठेवलंच नाही. विद्यार्थी असताना मला तसंच व्हायचं होतं. त्यांच्यासमोर राजवाड्यातली मोजकी मुलं होती, माझ्यासमोर १९५ आहेत, हे मला कळतं. पण टिपणांतून पुस्तक होतं तसं वह्यांच्या तपासणीतून काहीही होत नाही, हे त्या जुलैत जास्त कळलं.

पाणी

२४ ऑगस्टला, शनिवारी, नववीच्या दोन्ही तुकड्यांच्या ७९ वह्या मी घरी आणल्या. सोमवारी जन्माष्टमीची सुट्टी होती, तेव्हा तीन रात्रींत संपवू असा बेत. दोन कापडी पिशव्या पलंगाच्या कडेला, फरशीवर ठेवल्या.

त्यानंतरचे दिवस बडोदेकरांना सांगायची गरज नाही. सोमवारचा पाऊस, भरलेलं आजवा सरोवर, विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून शहरात शिरलेली. रात्री वीज गेली. पहाटेच्या आधी कधीतरी आई बाथरूमला उठली आणि तिचा पाय पाण्यात पडला. पुढच्या वीस मिनिटांत आम्ही काय उचललं ते मला नीट आठवतं: दोन मुलं, बाळाच्या दुधाचा डबा, कागदपत्रांची फाईल, आईच्या गोळ्या, देव. सिलिंडर ओट्यावर चढवला. वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाने दार आधीच उघडून ठेवलं होतं. त्यांच्या बांनी, म्हणजे घरातल्या आईंनी, माळ्यावरचं जुनं घोडियुं, कापड बांधायचा पाळणा, काढलं, स्वतःची सुती साडी बांधली आणि माझ्या मुलाला त्यात निजवलं. तो रात्रभर शांत झोपला. दोरी कोण ओढत होतं ते मी विचारलं नाही. सकाळी बघितलं तर बांच्या हाताला दोरीचा वळ होता.

वह्या तिसऱ्या दिवशी आठवल्या.

पाणी उतरल्यावर त्या मिळाल्या, फुगलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, शाई पसरून निळ्या झालेल्या. थोड्याफार वाचतील म्हणून दांडिया बाजारात मामांच्या गॅलरीत दोऱ्या बांधून वाळत घातल्या. सुकल्यावर पापडासारख्या तुटायला लागल्या.

शाळा उघडल्यावर दोन्ही वर्गांत उभं राहून मुलांना सांगितलं: तुमच्या वह्या माझ्या घरी होत्या, मी त्या वर उचलल्या नाहीत, चूक माझी. बरीच मुलं स्वतः पाण्यातून आली होती. काहींचे गणवेश वाहून गेले होते. एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, ते रागावले होते, आणि त्यांचा राग रास्त होता. पण वर्गातला एक मुलगा सहज जे बोलला ते मला जास्त लागलं. तो म्हणाला, "सर, त्यात फळ्यावरचंच होतं. मित्राकडून फोटो काढून घेईन."

खरंच होतं ते. दोन महिने रात्री जागून मी ज्यावर सह्या केल्या होत्या, ते माझंच फळ्यावरचं लिखाण होतं, चाळीस वेगवेगळ्या अक्षरांत.

सुपरवायझरांनी सुचवलं की मुलांकडून वह्या पुन्हा लिहून घ्या. मी पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि त्याऐवजी एक पान लिहायला दिलं. प्रश्न तीनच: तुमच्याकडे पाणी कधी आलं, कुठवर आलं, आणि हे तुम्हाला कसं कळलं. तिसऱ्या प्रश्नाखाली मी दोनदा रेघ मारली होती.

७९ पानं आली. ती मी घरी नेली नाहीत. शाळेतच, मोकळ्या तासांत आणि सुट्टीत, चार दिवसांत वाचून झाली. एकूण तीन तासही लागले नसतील, कारण हातातून खाली ठेवावीशी वाटेनात. एकाच सोसायटीतल्या दोन मुलांनी पाणी शिरल्याची वेळ अकरा आणि तीन अशी दिली होती. वर्गात विचारल्यावर उलगडा झाला: एकाचं घर फाटकाजवळ आणि तो जागा होता, दुसऱ्याला तीनला उठवलं. त्याच्या लेखी पाणी तीनलाच आलं. एकाने लिहिलं, गल्लीत मगर आली होती. तू बघितलीस? नाही, काकांनी बघितली. काकांना विचारलंस? नाही, आईने सांगितलं की काकांनी बघितली. शहरात त्या दिवसांत मगरी वस्तीत आल्या होत्या हे खरंच आहे, पण या गल्लीत आली होती का, आणि तसं म्हणायला आपल्याकडे काय आहे? तो सगळा तास यात गेला. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे मी दरवर्षी व्याख्या सांगून शिकवत होतो. या वर्षी व्याख्या सांगावीच लागली नाही.

जुलैत प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं पानही त्यात होतं. तिची आई इस्पितळात परिचारिका. पुरामुळे ती दोन दिवस घरी येऊ शकली नव्हती. वडील दुकान वाचवायला गेलेले. दोन वर्षांचा भाऊ या मुलीकडे. तिने काय लिहिलं? "त्याला बिस्किट पाण्यात बुडवून दिलं. तो रडत होता तेव्हा मी पण रडले, पण त्याला दिसू दिलं नाही." पॅरिसचं नावही त्यात नव्हतं. तिला पानाखाली शेरा काय द्यायचा हे मला सुचेना. तारीख घातली, सही केली, आणि मग लिहिलं: तुझ्या जुलैतल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलं आहे.

एक तास कुणाचा

उत्तर द्यायचं तर वाचायला हवं. मी ठरवलं, आठवड्यातून चार रात्री एक तास फक्त वाचन. आणि ठरवताना घरात कुणाला विचारलं नाही.

तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात एका रात्री बाळ उठलं, मी पानावर बोट ठेवून तसाच बसलो, बायको उठली. त्याला झोपवून बाहेर आली आणि समोर बसली. ती चिडून बोलली असती तर सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुझा तास तू वह्यांतून काढलास असं तुला वाटतं. तो माझ्या झोपेतून निघतोय. मलाही परीक्षा द्यायची आहे, पुस्तकं दिवाळीपासून कपाटात आहेत. गेल्या दिवाळीपासून."

बँकेच्या पदोन्नतीला उपयोगी पडणारी सीएआयआयबी परीक्षा तिला द्यायची होती. हे मला माहीत होतं. कपाट मी रोज उघडत होतो.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून एक आठवडा कागदावर मांडला. कोण किती वाजता उठलं, बाळाला कुणी घेतलं, कोण किती वेळ बसलं. रात्रीच्या १७ उठण्यांपैकी १३ तिच्या निघाल्या. शिकवणाऱ्याला पुरावा समोर आल्यावर वाद घालता येत नाही. दुपारची मुलं मी सांभाळतो, हे माझं समर्थन होतं आणि ते खोटं नव्हतं. पण दुपारच्या बदल्यात मी तिची रात्र घेत होतो, आणि दुपारची वाहवा मात्र माझ्या वाट्याला येत होती.

ठरलं ते असं: सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्र माझी जागायची, मंगळवार, गुरुवार, शनिवार तिची. ज्याची पाळी नसेल तो वाचेल किंवा झोपेल, त्याला जाब नाही. रविवार ज्याला जमेल त्याचा. ऑक्टोबरपासून रोज चार तासांसाठी एक बाई यायला लागल्या, महिना सहा हजार, म्हणजे आईच्या गुडघ्यांना खरा आराम. सहा हजार आमच्या हिशेबात लहान रक्कम नाही. त्या वर्षी दिवाळीत फ्रीज बदलायचा होता, पुरात भिजलेला तोच दुरुस्त करून वापरला.

पाळ्या नेमाने पाळल्या गेल्या असं नाही. नवरात्रात मुलीला गोवर नाही पण तसाच ताप-पुरळ आला, तेव्हा आठ दिवस सगळं मोडलं. बायको डिसेंबरच्या परीक्षेला बसली, एक पेपर राहिला. तो जूनमध्ये देईन म्हणते. ती पूर्ण पास झाली नाही याला माझे पहिले तीन आठवडे कारण आहेत, हे मी तिला बोलून दाखवलं आहे.

वाचनासाठी दुसरी जागा मिळाली ती मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून या शहराची ग्रंथालयं उभी केली आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेडोपाडी फिरवली. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा मुलीला घेऊन जायला लागलो. ती चित्रं बघते, मी पाऊण तास वाचतो. पाऊण तासाने तिला भूक लागते, तेव्हा तिथून भेळ. महिन्यातले तीन तास एवढ्यावर मी राहिलेल्या आठ महिन्यांचं थोडंफार भरून काढलं.

उत्तर

सप्टेंबरअखेर नववी ब मध्ये वीस मिनिटं काढली आणि मुलीला सांगितलं, तुझं उत्तर आणलं आहे.

पॅरिसमधल्या कष्टकरी बायकांची बरीच तान्ही मुलं पॅरिसमध्ये नसायचीच. ती खेड्यात, पैसे घेऊन दूध पाजणाऱ्या दायांकडे असायची. १७६९ मध्ये तर सरकारने अशा दायांसाठी पॅरिसमध्ये खास कचेरी काढली होती. १७८० च्या सुमारास तिथल्या पोलीस प्रमुखाने अंदाज लिहून ठेवला: शहरात वर्षाला २१ हजार मुलं जन्मतात, त्यांतल्या जेमतेम हजारांना त्यांची आई स्वतः पाजते. इतिहासकार हा आकडा जसाच्या तसा घेत नाहीत, पण चाल होती याबद्दल शंका नाही. आई बाजारात मासे विकणार, कपडे धुणार, शिवणार, तेव्हाच पाव येणार. मूल जवळ ठेवलं तर काम जातं. त्यातली कितीतरी मुलं दायांकडेच दगावत.

वर्ग एकदम शांत झाला. मग एक मुलगा म्हणाला, "म्हणजे पाव मागायला गेल्या त्यांतल्या कितींची मुलं आधीच गेलेली असतील."

६ ऑक्टोबरला त्या बायका राजा, राणी आणि राजपुत्राला पॅरिसला घेऊन निघाल्या, तेव्हा गर्दी ओरडत होती की पाववाला, पाववाली आणि पाववाल्याचं पोर घेऊन चाललो आहोत. हे वाक्य मी दहा वर्षं एक गमतीचा तपशील म्हणून सांगत आलो होतो. त्या दिवशी 'पोर' या शब्दाशी माझा आवाज थांबला. मी फळ्याकडे वळून तारीख पुन्हा लिहिली.

मुलीला उत्तर पटलं का? अर्धंच. तिने विचारलं, "आणि ज्यांना दाई परवडत नव्हती त्यांचं?" मी म्हणालो, मोठी बहीण, शेजारीण, आजी. पण याचा पुरावा शोधणं अवघड, कारण बहिणीने भाऊ सांभाळला याची नोंद कोण ठेवणार. मग तिला तिचं पुराचं पान आठवलं असावं, ती खाली बसली आणि काहीतरी लिहू लागली.

दाईचा तास मी घरी आईला सांगितला. बाळाला पेज भरवत होती. ती म्हणाली, "आमच्या आजीला पाळण्यापायी दंड झाला होता, तुला सांगितलं नाही का कधी?"

सांगितलं असेल. मी ऐकलं नव्हतं.

बडोदे संस्थानाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या. मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड. गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्याजवळ होता, ते विधेयक पुढे फेटाळलं गेलं. एवढं मी शिकवत होतो. माझ्या आईची आजी डभोईची, जन्म १९०२ च्या आसपासचा, म्हणजे कायद्याच्या पहिल्या पिढीतली मुलगी. घरात तान्हा भाऊ होता, आई शेतावर आणि पाण्याला, तेव्हा पाळणा हलवायला हिला घरी ठेवलं. दंड आला. पुन्हा ठेवलं, पुन्हा दंड. तिसऱ्यांदा बापाने तिला भावाला काखेत देऊनच शाळेत धाडलं आणि मास्तरांनी त्या पोराला वर्गाच्या कोपऱ्यात झोळी बांधू दिली.

नोव्हेंबरात आईला वर्गात बोलावलं. ती घाबरली होती, नऊवारी नेसू की सहावारी इथपासून. मुलांनी मात्र तिला चांगलंच उलटतपासलं. दंड किती होता? आई म्हणाली दोन आणे. थोड्या वेळाने म्हणाली चार आणे. एका मुलीने ते लगेच पकडलं. आई जराही ओशाळली नाही, म्हणाली, "बाई गं, आजी सांगायची तेव्हा मी तुझ्याएवढी होते, आणे मोजायला कुठे बसले होते? पण झोळीचं खरं आहे, ती कशी बांधायची ते आजीने मला करून दाखवलं होतं." आणि तिने ओढणी मागून घेऊन वर्गात झोळीची गाठ मारून दाखवली. आकडा विसरला जातो आणि गाठ हातात राहते, हे मुलांनी स्वतः टिपून ठेवलं. मग मोठा वाद झाला: कायदा चांगला की वाईट? पोरीला शाळेत घातलं हे चांगलंच, पण पाळण्याची सोय सरकारने केली नाही, दंड मात्र गरिबाच्या घरी गेला. आईला हा वाद आवडला नाही. महाराजांबद्दल कुणी उणं बोललेलं तिला चालत नाही. "ते नसते तर मी निरक्षर राहिले असते," एवढं बोलून ती गप्प झाली. तिचंही म्हणणं मी फळ्यावर लिहिलं.

शाळेतला नियम

सीबीएसईच्या नववी-दहावीत अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. त्यात वही आणि पोर्टफोलिओचे गुण ५. या ५ गुणांसाठी पंधरवड्याला पावणेदहा तास जात होते, ही आकडेमोड मी एका कागदावर मांडून शाळेत दिली. सोबत पुराची दहा पानं आणि झोळीच्या तासानंतरची दहा पानं जोडली. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आठवड्याचे ४५ तास धरताना पूर्वतयारीचा वेळही कामातच मोजला आहे, तो कायदा आठवीपर्यंतचा असला तरी तत्त्व पुढेही लागू व्हायला हरकत नसावी, असंही लिहिलं.

पहिलं उत्तर नकाराचं. पालक वहीतली तांबडी शाई बघतात, शाई दिसली नाही तर शिक्षक शिकवत नाही असं त्यांना वाटतं. हे सांगणाऱ्या सुपरवायझर स्वतः दोन मुलांच्या आई आहेत, त्यांच्या वह्याही घरीच जातात. त्यांच्या बोलण्यात मला अडवणूक दिसली नाही, थकवा दिसला. जानेवारीत पालकसभेला मी ती पानं टेबलावर मांडून ठेवली. पुराच्या वेळी फोनवर रागावलेले वडील बराच वेळ आपल्या मुलाचं पान वाचत उभे होते. त्यांच्या दुकानात पाणी शिरल्याची वेळ मुलाने लिहिली होती, ती त्यांच्या मते चूक होती. ते मुलाशी तिथेच वाद घालायला लागले. त्यांनी माझ्याबद्दल काही चांगलं म्हटलं असं नाही, पण वह्यांचं पुन्हा काढलं नाही.

एप्रिलपासून फक्त नववीला सवलत मिळाली. वही महिन्यातून एकदा, तीही वर्गात मुलांनी एकमेकांची बघायची. मी प्रत्येकाचं एकच पान, त्याने स्वतः लिहिलेलं, शाळेतच वाचायचं. अकरावीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. दहावीला नाही, बोर्ड आहे.

तेव्हा दहावीच्या वह्या अजून महिन्यातून दोनदा घरी येतात. आता त्या फरशीवर ठेवत नाही. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी, जागायची पाळी बायकोची असते तेव्हा, मुलगी स्टुलावर चढून माळ्याचं दार उघडते, मी पिशवी वर सरकवतो, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये बांनी आम्हाला देऊन टाकलेल्या घोडियुंची दोरी लोंबत असते.